एम४२ चा हार्ड शोल्डर: प्रयोग एकाचा, निकाल दुसऱ्याच्या नावावर

इंग्लंडमध्ये मोटरवेच्या डाव्या कडेला एक मोकळी पट्टी असते, गाडी बंद पडली तर बाजूला घ्यायला, तिला हार्ड शोल्डर म्हणतात. रुंदी जवळपास एका लेनएवढी, डांबर तेच, मधे फक्त एक जाड पांढरी रेघ. आता रोज संध्याकाळी शेजारच्या तिन्ही लेन तुंबलेल्या आणि ही पट्टी रिकामी दिसली की कुणालाही वाटणारच की इथून गाड्या सोडल्या तर काय बिघडलं? हा विचार वेडगळ नव्हता हे मी आधीच सांगतो, कारण या विषयावर चिडून बोलणारे बरेच जण सुरुवातच तिथून करतात. विचार चांगला होता, पहिल्या जागी तो काळजीपूर्वक राबवला गेला, आकडेही चांगले आले. आणि मग ज्या गोष्टींमुळे ते आकडे आले होते त्याच एकेक करून काढून टाकल्या आणि उरलेलं देशभर पसरवलं, वर सांगताना मात्र आकडे पहिल्या जागेचेच सांगितले. माझी तक्रार एवढीच आहे, पण ती मोठी आहे, कारण मधल्या काळात माणसं गेली.

पहिली जागा म्हणजे एम४२ मोटरवे, बर्मिंगहॅमच्या पूर्वेला, जंक्शन ३ए ते ७, साधारण १७ किलोमीटर. एका अंगाला सॉलिहल, मधे विमानतळ आणि नॅशनल एक्झिबिशन सेंटर, पुढे एम६ ला जोडणी. म्हणजे ऑफिसवाले, विमान पकडणारे, प्रदर्शनाला येणारे आणि लांब पल्ल्याचे ट्रक सगळे तीनच लेनमध्ये, दिवसाला लाखाच्या वर गाड्या. रुंदीकरण करायचं म्हटलं तर पूल पाडा, जमीन घ्या, कितीतरी वर्षं रस्ता खणून ठेवा आणि पैसा तर कित्येक पट. म्हणून मोटरवे सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेने, तेव्हाच्या हायवेज एजन्सीने, वेगळा मार्ग धरला आणि १२ सप्टेंबर २००६ पासून गर्दीच्या वेळी तिथला हार्ड शोल्डर चौथी लेन म्हणून उघडायला लागले. योजनेचं नाव अ‍ॅक्टिव्ह ट्रॅफिक मॅनेजमेंट, खर्च सुमारे १० कोटी पौंड. कल्पना अगदीच नवी नव्हती, जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये १९९० च्या दशकात असं सुरू झालेलं होतं, आणि गर्दीप्रमाणे बदलणारं स्पीड लिमिट तर लंडनभोवतीच्या एम२५ वर १९९५ पासून होतंच. पण हे सगळं एकत्र बांधून शोल्डर उघडायचा हा इंग्लंडमधला पहिला प्रयत्न.

तिथं नेमकं काय काय बसवलं होतं ते नीट बघायला लागेल, पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. रस्त्यावर साधारण दर ५०० मीटरला आडव्या गॅन्ट्री, म्हणजे बोर्ड लावायच्या कमानी, आणि प्रत्येक गॅन्ट्रीवर प्रत्येक लेनच्या डोक्यावर वेगळा सिग्नल, शोल्डरच्याही डोक्यावर. म्हणजे गाडी चालवणाऱ्याला एक बोर्ड मागे गेला की पुढचा दिसतच असतो, आपण ज्या पट्टीत आहोत ती आत्ता चालू आहे का बंद हे त्याला आठवून ठेवायची गरज नाही. डांबरात गाडलेल्या तारांच्या वेटोळ्या, त्यावरून गाड्या गेल्या की त्यांची संख्या आणि वेग कळतो, या सिस्टिमला मायडास म्हणतात. पूर्ण पट्टीवर कॅमेरे. आणि शोल्डरच्याही डावीकडे, रस्त्याच्या बाहेर, कापून काढलेल्या थांबायच्या जागा, त्यांना इमर्जन्सी रेफ्युज म्हणतात, प्रत्येकात एसओएस फोन. या जागा कागदावर दर ५०० मीटरला, प्रत्यक्षात सरासरी ६०० मीटरच्या आसपास.

शोल्डर उघडायची पद्धत तर मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. वेटोळ्यांवरून गर्दी वाढतेय असं दिसलं की आधी सगळ्या लेनचा वेग खाली आणायचा. मग कंट्रोल रूममधला माणूस त्या टप्प्याचा शोल्डर एकेका कॅमेऱ्यावर बघत जाणार, कुठे गाडी उभी आहे का, टायरचा तुकडा पडलाय का, ट्रकवरून पडलेली फळी आहे का, आणि पूर्ण टप्पा मोकळा दिसला की मगच शोल्डरच्या डोक्यावर ५० चा आकडा लावणार. गर्दी सरली की पट्टी परत बंद, परत आसऱ्याची जागा. शिवाय सुरुवातीला ती लेन फक्त एका जंक्शनपासून पुढच्या जंक्शनपर्यंतच चालायची, शोल्डरवरून जाणाऱ्याने पुढच्या एक्झिटला बाहेर पडायचं, नाही तर उजवीकडच्या लेनमध्ये यायचं. उघडी असताना लिमिट ताशी ५० मैल, २००८ मध्ये ते ६० केलं. थोडक्यात ही पट्टी गर्दीत, हळू वेगात, माणसाने डोळ्यांनी तपासल्यावर, काही तासांसाठी वापरलेली एक्झिट लेनच होती.

आकडे खरंच चांगले आले. त्या टप्प्यावर आधी महिन्याला सरासरी ५.०८ अपघातांमध्ये कुणीतरी जखमी व्हायचं, शोल्डर उघडल्यावरच्या तीन वर्षांत ती सरासरी २.२५ वर आली, म्हणजे निम्म्याहून कमी. प्रवासाला आज किती वेळ लागेल याची अनिश्चितता कमी झाली, आणि ज्याला विमान पकडायचंय त्याला सरासरी दोन मिनिटं वाचण्यापेक्षा हीच गोष्ट जास्त मोलाची. इथं एक गोष्ट मात्र लगेच लक्षात घ्यायला हवी की हा फायदा एकट्या शोल्डरचा नव्हता. वेग सगळ्यांचा सारखा केला की लेन बदलणं कमी होतं, करकचून ब्रेक लागणं कमी होतं, मागून धडकणं कमी होतं, आणि ते शोल्डर न उघडताही मिळतं. त्यामुळे "शोल्डरवरून गाड्या सोडल्या आणि अपघात निम्म्यावर आले" असं जेव्हा कुणी म्हणतं तेव्हा ते अर्धंच सांगतात. वेगाचं नियंत्रण, दाट गॅन्ट्री, जवळजवळचे रेफ्युज, उघडण्याआधीची तपासणी आणि शोल्डर, या पाच गोष्टींचा तो एकत्र निकाल होता, त्यातली कुठली किती कामाला आली हे वेगळं काढता येत नाही. जे वेगळं काढता येत नाही त्यातलं काय काढून टाकलं तर चालेल हे कसं ठरवणार?

पण ठरवलं गेलं. २०१० नंतर ब्रिटनमध्ये सरकारी खर्चाला सगळीकडे कात्री लागत होती, आणि एम४२ सारखी योजना रुंदीकरणापेक्षा स्वस्त असली तरी स्वस्तातलं स्वस्त काय हे शोधणं सुरूच होतं. त्यातून निघालं ऑल लेन रनिंग. यात शोल्डर उघडायचा आणि मिटायचा प्रश्नच ठेवला नाही, पांढरी रेघ पुसली, ती कायमची पहिली लेन झाली, दिवसा, रात्री, पहाटे तीनला सुद्धा. एप्रिल २०१४ मध्ये एम२५ वर याचा पहिला टप्पा सुरू झाला. रेफ्युजमधलं अंतर आता जास्तीत जास्त अडीच किलोमीटरपर्यंत चालेल असं ठरलं. प्रत्येक लेनच्या डोक्यावर सिग्नल असलेल्या गॅन्ट्री कमी झाल्या, बरेच बोर्ड रस्त्याच्या कडेला खांबावर आले, आणि दोन बोर्डांमधलं अंतर दीड किलोमीटरपर्यंत वाढवायला परवानगी मिळाली. जंक्शनमधूनही लेन सरळ पुढे. उघडण्याआधीची तपासणी तर आपोआपच गेली, कारण जे कधी बंदच होत नाही ते उघडायचं कुठून. २०१० मध्ये रस्ते खात्याचे राज्यमंत्री असलेले माइक पेनिंग, ज्यांच्या काळात विस्ताराला मंजुरी मिळाली, त्यांनी नंतर जाहीरपणे म्हटलं की आपली दिशाभूल झाली, आपल्याला दाखवला होता तो एम४२ चा प्रयोग, आणि प्रत्यक्षात पसरलं ते थांबायच्या जागा कितीतरी लांब लांब असलेलं काहीतरी.

अंतराचा फरक कागदावर किरकोळ वाटतो म्हणून जरा हिशोब करू. ताशी ६० मैल म्हणजे सेकंदाला जवळपास २७ मीटर. ६०० मीटरवर रेफ्युज असेल तर एकातून निघाल्यावर दुसरा २२ सेकंदांत येतो, म्हणजे गाडीने कुठेही कुरकुर सुरू केली तरी वाईटात वाईट २२ सेकंद तिला रेटायचं. अडीच किलोमीटर असेल तर दीड मिनिट, तेही ६० चा वेग टिकला तर. टायर फुटलाय, इंजिन बंद पडलंय, बॉनेटमधून धूर येतोय अशा गाडीत दीड मिनिट फार मोठं असतं, आणि इंजिन बंद पडल्यावर नुसत्या वेगावर गाडी काहीशे मीटर जाईल, त्यापुढे ती जिथे थांबेल तिथे थांबेल, म्हणजे चालू लेनमध्ये. रेफ्युज पुढे आहे हे बोर्डावर वाचून काय उपयोग जर तिथपर्यंत पोचताच येत नसेल.

आणि खरा धोका गर्दीत नाहीये, हे बऱ्याच जणांना पटकन पटत नाही. संध्याकाळी पाच वाजता सगळे ताशी ४० ने चाललेत तेव्हा पहिल्या लेनमध्ये गाडी बंद पडली तर मागचे थांबतात, रांग लागते, रांग लागली की डांबरातल्या वेटोळ्यांना वेग पडल्याचं कळतं आणि सिस्टिम स्वतःहून मागच्या बोर्डांवर लिमिट खाली आणते. आता तीच गाडी रात्री साडेअकराला बंद पडली असं धरा. रस्ता बराचसा रिकामा, दर काही सेकंदांनी एक गाडी, प्रत्येक जण शेवटच्या क्षणी बघून उजवीकडून निघून जातोय, कुणाचा वेग कमी होत नाहीये, रांग लागत नाहीये. वेटोळ्यांच्या हिशोबाने सगळं आलबेल आहे, कारण त्या रांग ओळखायला बनवल्यात, एकटी उभी गाडी ओळखायला नाही. कंट्रोल रूममधल्या माणसासमोर कितीतरी कॅमेरे, त्यातला नेमका हा त्याने त्याच वेळी बघायला हवा. ज्या ऑल लेन रनिंग टप्प्यांवर उभी गाडी ओळखणारं रडार नव्हतं तिथं अशी गाडी दिसायलाच सरासरी १७ मिनिटं लागतात हे खुद्द हायवेज इंग्लंडच्या (हायवेज एजन्सीचंच २०१५ नंतरचं नाव) २०१६ च्या अहवालात होतं. दिसल्यावर बोर्डावर लाल फुली, म्हणजे लेन बंद असल्याची खूण, लावायला आणखी तीनेक मिनिटं. म्हणजे साधारण वीस मिनिटं ती गाडी आणि आतली माणसं अंधारात, ७० च्या लिमिटच्या चालू लेनमध्ये, मागे कसलीही खूण नाही.

एम४२ वर ही वेळ यायचीच नाही. तिथं रात्री साडेअकराला शोल्डर मिटलेला असायचा. गर्दी असते तेव्हा जागा हवी असते आणि गर्दी नसते तेव्हा आसरा हवा असतो, ही साधी गोष्ट त्या जुन्या पद्धतीत बरोबर पकडली होती आणि ऑल लेन रनिंगने नेमकी तीच सोडली. रात्री तीन वाजता चौथी लेन कुणाला हवी असते? कुणालाच नाही. तरी ती चालू, कारण मिटायची सोय ठेवायची म्हणजे दाट गॅन्ट्री आल्या, तपासणारी माणसं आली, खर्च आला.

सप्टेंबर २०१८ मध्ये साउथ यॉर्कशरमध्ये एम१ वर, शोल्डर नसलेल्या टप्प्यात, एक गाडी बंद पडली. त्यातली बाई खाली उतरून मदतीची वाट बघत होती, १६ मिनिटांनी दुसरी गाडी येऊन त्यांच्या गाडीवर आदळली आणि त्यात त्या बाईचा जीव गेला. लेन बंद असल्याचे बोर्ड त्यानंतर आणखी सहा मिनिटांनी लागले. पुढच्या वर्षी, ७ जून २०१९ ला, त्याच एम१ वर शेफील्डजवळ दोन गाड्यांची किरकोळ धडक झाली, दोघे ड्रायव्हर एकमेकांचे नंबर पत्ते घ्यायला पहिल्या लेनमध्ये थांबले आणि मागून आलेल्या ट्रकने दोघांनाही उडवलं. ट्रक ड्रायव्हरने निष्काळजीपणा कबूल केला, त्याला दहा महिन्यांची शिक्षा झाली. जानेवारी २०२१ मध्ये कॉरोनर (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी) डेव्हिड अर्पेथ यांनी निकाल देताना म्हटलं की मुख्य कारण ट्रक ड्रायव्हरचं लक्ष नसणं हेच, पण हार्ड शोल्डर नसणंही या मृत्यूंना कारणीभूत ठरलं, आणि असे मोटरवे आहेत तसेच राहिले तर पुढेही माणसं जाण्याचा धोका आहे. मृतांपैकी एकाच्या पत्नीने यानंतर जी मोहीम चालवली ती नसती तर पुढचे निर्णय इतक्या लवकर झाले नसते असं मला ठामपणे वाटतं.

"ड्रायव्हरने समोर बघायला हवं होतं" हे उत्तर इथं नेहमी येतं आणि ते चूक नाहीये. पण रस्ता बांधणाऱ्याला माहीत असतं की लाखो ड्रायव्हरांपैकी कुणाचं तरी, कधीतरी, चार सेकंद लक्ष जाणारच. शोल्डर होता तेव्हा ती चार सेकंदांची चूक बहुतेक वेळा कुणालाच कळायची नाही. शोल्डर गेल्यावर त्याच चुकीची किंमत दोन माणसं झाली.

आता माझ्याच म्हणण्याला अडचणीचं असलेलं प्रकरण सांगायला हवं. ३१ मे २०१८ ला बर्मिंगहॅमजवळ एम६ वर आजोबांनी गाडी डावीकडे शोल्डरवर घेतली, मागे आठ वर्षांचा नातू बसला होता. तो शोल्डर त्या वेळी लेन म्हणून चालू होता. ट्रक येऊन धडकला, मुलगा गेला. गाडी थांबल्याला एक मिनिटही झालं नव्हतं. म्हणजे हा टप्पा ऑल लेन रनिंगचा नव्हता, उघडमीट करणाऱ्या प्रकारातलाच होता, ज्याची मी इतका वेळ बाजू घेतोय. इथं काय झालं? तेच डांबर संध्याकाळी लेन आणि रात्री आसरा असेल तर संकटात सापडलेल्या, घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी वर बघून ठरवावं लागतं की आत्ता हे काय आहे, आणि माणूस घाबरला की वर्षानुवर्षांची सवय काम करते, डावीकडे घ्या आणि थांबा. हा दोष खरा आहे, बोर्ड कितीही लावले तरी पूर्ण जात नाही.

पण या दोषावर उपाय काय काढला ते बघा. मार्च २०२० मध्ये तेव्हाचे वाहतूक मंत्री ग्रँट शॅप्स यांनी १८ कलमी आराखडा मांडला, त्यात उघडमीट करणारे शोल्डर ड्रायव्हरांना गोंधळात टाकतात म्हणून २०२५ पर्यंत बंद करायचे असं ठरलं. बंद करून काय करायचं? तर त्यांचं ऑल लेन रनिंग करायचं. गोंधळ नको म्हणून आसराच काढून टाकायचा! यादीत सात टप्पे होते आणि त्यात एम४२ चा तोच जंक्शन ३ए ते ७ चा टप्पाही होता, म्हणजे ज्या प्रयोगाच्या जोरावर हे सगळं उभं राहिलं तोच मोडून त्याच्या जागी त्याची कातरलेली नक्कल बसवायची. हा निर्णय मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात चुकीचा वाटतो. बाकी त्या आराखड्यात चांगल्या गोष्टी होत्या, नव्या रेफ्युजमधलं अंतर जमेल तिथं पाऊण मैल आणि जास्तीत जास्त एक मैल, उभी गाडी ओळखणारी रडार सगळीकडे तीन वर्षांत, रेफ्युज लांबून दिसावेत अशा खुणा.

रडारचं तर आधीच व्हायला हवं होतं. संसदेच्या वाहतूक समितीने लुईस एलमन अध्यक्ष असताना जून २०१६ मध्येच सांगितलं होतं की ऑल लेन रनिंगचा विस्तार थांबवा, हा प्रकार एम४२ वर सिद्ध झालेल्या प्रकारापेक्षा वेगळा आहे. सरकारने ऐकलं नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्याच समितीने परत अहवाल दिला आणि २०१६ नंतर जी सुरक्षेची कामं करायचं कबूल झालं होतं ती वेळेत झाली नाहीत हे स्पष्ट लिहिलं. जानेवारी २०२२ मध्ये सरकारने पाच वर्षांची आकडेवारी येईपर्यंत नवे टप्पे थांबवले आणि ९० कोटी पौंड सुधारणांसाठी दिले, त्यातून दीडशेहून जास्त नवे रेफ्युज. आणि एप्रिल २०२३ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी नवे स्मार्ट मोटरवे (या सगळ्या प्रकारांना मिळून हेच नाव आहे) कायमचे रद्द केले, १४ योजना यादीतून गेल्या, ११ आधीच थांबवलेल्या आणि तीन पुढे ठेवलेल्या. कारणं दोन दिली, खर्च आणि लोकांचा विश्वास उडालेला. ज्या दोन टप्प्यांचं काम तीन चतुर्थांश झालं होतं, एम५६ आणि एम६ वरचे, ते मात्र पुरे करायचे ठरले.

सरकारी आकडेवारी काय म्हणते हेही सांगितलं पाहिजे, कारण नॅशनल हायवेजची माणसं (हायवेज एजन्सीचं २०१५ मध्ये हायवेज इंग्लंड झालं आणि २०२१ मध्ये नॅशनल हायवेज) हे खोटं बोलतात असा माझा अजिबात आरोप नाही. त्यांचं म्हणणं असं की अंतराच्या हिशोबात शोल्डर नसलेले मोटरवे एकूण मृत्यूंच्या बाबतीत साध्या मोटरवेपेक्षा वाईट नाहीत, बऱ्याचदा चांगलेच आहेत. आणि हार्ड शोल्डर ही काही सुरक्षित जागा नाही, मोटरवेवरच्या दर बारा मृत्यूंमागे एक शोल्डरवरच होतो असं तेच सांगतात. हे दोन्ही मी मान्य करतो. शोल्डरवर गाडीत बसून राहणं कधीच शहाणपणाचं नव्हतं. पण त्याच आकडेवारीत दुसरी गोष्टही आहे की उभ्या गाडीला धडक बसण्याचा धोका शोल्डर नसलेल्या टप्प्यांवर जास्त आहे. म्हणजे झालं काय तर चालत्या गाड्यांचा धोका कमी झाला आणि उभ्या गाडीचा वाढला, बेरीज केली की जमाखर्च जुळतो. पण चालत्या गाडीतल्या माणसाच्या हातात स्टिअरिंग असतं, ब्रेक असतो, बंद पडलेल्या गाडीतल्या माणसाच्या हातात काही नसतं, तो पूर्णपणे दुसऱ्याच्या लक्षावर जगत असतो. शिवाय चालत्या गाड्यांचा धोका कमी झाला तो वेगाच्या नियंत्रणामुळे, आणि ते नियंत्रण शोल्डर शाबूत ठेवूनही करता येतं, इंग्लंडमध्येच तसे टप्पे आहेत, त्यांना कंट्रोल्ड मोटरवे म्हणतात. मग शोल्डर काढल्याचं नुकसान वेगनियंत्रणाच्या फायद्याने झाकून एकच बेरीज का दाखवायची?

रडार आता बसलेत, सप्टेंबर २०२२ पर्यंत सगळीकडे. त्यांच्याकडून अपेक्षा होती की उभ्या राहिलेल्या गाड्यांपैकी ८० टक्के तरी २० सेकंदांत पकडाव्यात. ही अपेक्षाच नीट वाचा, उत्तम चाललं तरी पाचातली एक सुटली तर ती सिस्टिम पास. आणि त्या वर्षाच्या शेवटी रेल्वे आणि रस्त्यांवर देखरेख करणाऱ्या ओआरआर या संस्थेने सांगितलं की तेवढीही पातळी गाठली जात नाहीये. नंतर सुधारणा झाली हे खरं. पण २०२४ मध्ये बीबीसीच्या पॅनोरमा कार्यक्रमाने माहिती मागवून दाखवलं की जून २०२२ ते फेब्रुवारी २०२४ मध्ये या मोटरवेंवरची यंत्रणा वीज जाऊन बंद पडल्याच्या ३९७ घटना झाल्या. डांबराची पट्टी वीज गेली म्हणून नाहीशी होत नाही, हा तिचा गुण आहे आणि तो इतका उघड आहे की मोजायचाच राहून गेला.

आज जे आहे ते असं आहे की नवे टप्पे होणार नाहीत आणि जुने जाणार नाहीत. काहीशे मैल अजूनही शोल्डरशिवाय चालू आहेत, कारण रेघ परत आखायची म्हणजे चारची तीन लेन करायची, आणि गर्दी तर मधल्या वर्षांत तेवढी वाढलेली. अशा टप्प्यावर गाडी बिघडायला लागली तर पहिल्याच कुरकुरीला डावीकडच्या लेनमध्ये यायचं, पुढच्या एक्झिटला किंवा केशरी रंगाच्या रेफ्युजमध्ये घ्यायची, तिथवर जात नसेल तर जेवढी डावीकडे नेता येईल तेवढी नेऊन हझार्ड लाइट लावायचे, शक्य असेल तर डाव्या दारांनी उतरून कठड्यापलीकडे जायचं, आणि उतरणंच धोक्याचं असेल तर पट्टे लावून आत बसून ९९९ हा आणीबाणीचा नंबर फिरवायचा. रेफ्युजमधून परत निघताना एसओएस फोनवरून आधी कंट्रोल रूमला सांगायचं, कारण थांबल्या जागेवरून थेट ७० च्या लेनमध्ये घुसायचं असतं, ते मागची लेन बंद करून देऊ शकतात. आणि लाल फुली दिसलेल्या लेनमधून कुणीही जाऊ नये, त्याला जून २०१९ पासून कॅमेऱ्यावरून १०० पौंड दंड आणि लायसनवर तीन पॉइंट आहेत, पण दंडापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्या फुलीपुढे कुणीतरी उभं असू शकतं.

मला स्वतःला वाटतं की यातल्या पुष्कळ टप्प्यांवर रात्री पहिली लेन लाल फुली लावून बंद ठेवता येईल, दहा ते पाच म्हणा. गाड्या कमी असतात, तीन लेन पुरतात, नवं डांबर लागत नाही. यात अडचण आहे ती बोर्डांची, कडेला दीड दीड किलोमीटरवर बोर्ड असतील तर फुली न दिसताच कुणीतरी जंक्शनवरून त्या लेनमध्ये शिरेल, म्हणून आधी मधले बोर्ड भरून काढावे लागतील, म्हणजे परत एम४२ च्या अंतरावर यावं लागेल. खर्च होईल. दीडशे रेफ्युजसाठी पैसे निघाले तसे यासाठीही काढता येतील, आणि सुरुवात करायची तर साउथ यॉर्कशरमधल्या एम१ पासून करावी.